लसणाच्या बदल्यात गेलेला डबा

जव्हार, जि. ठाणे
२० नोव्हेंबर २००७

आदरणीय व्याही देवरामभाऊ यांना जव्हारहून गोकुळ महाले याचा सविनय रामराम.

आपली साखर आटोक्यात असावी आणि विहीणबाईंचा गुडघा त्यांना कल्याणच्या त्या तीन मजल्यांपर्यंत नेऊन परत आणत असावा, अशी आशा करतो. इकडे भात कापून झालं, सकाळी मफलर लागतो, आणि माझी पाठ पूर्वी होती तिथेच आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. फोनवर आमची सौभाग्यवती कमू शेजारी उभी राहते आणि मी मुद्द्यावर आलो की हातानं ‘पुरे’ करते. पत्रात तिला हात करता येत नाही. शिवाय छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये काढलेल्या माणसाला आपला राग परिच्छेद पाडून लिहिल्याशिवाय बरं वाटत नाही.

तर आपले चिरंजीव आणि आमचे जावई सौरभराव यांच्याविषयी. मुलगा सुस्वभावी, मोठ्यांना मान देणारा आणि निर्व्यसनी आहे, असं मी लग्नाआधी आमच्या सगळ्या भावकीला सांगितलं होतं. त्यातला ‘निर्व्यसनी’ हा शब्द मी परत घेतो. दारू पिणारा माणूस निदान संध्याकाळपर्यंत तरी शुद्धीत असतो. आमच्या हर्षदाकडून कळतं, की आपल्या घरात टीव्हीला जोडायचे जुने गेम, मुंबईच्या जुन्या बाजारातून वेचून आणलेले, आजमितीला एकतीस झाले आहेत. (एकतीस! माझ्या पहिल्या शाळेचा पट अठ्ठावीस होता.) लग्नात दिलेल्या कपाटात साड्यांच्या जागी हे डबे बसले आहेत, आणि साड्या ट्रंकेत. रविवारी जावईबापू एकेक डबा उघडतात, कापसाच्या बोळ्यानं पुसतात, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारतात आणि परत कपाटात ठेवतात. मंत्र सोडले तर आमच्याकडचा भगत याहून वेगळं काही करत नाही, आणि भगताला निदान कोंबडी मिळते. त्या कॅसेटींबद्दल तर बोलूच नये. वर छापलेलं असतं, आत नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ आहेत. मी मोजले. पाच आहेत. तेच पाच नावं बदलून पुन्हा पुन्हा हजेरी लावतात. पटावर चाळीस पोरं आणि वर्गात पाच, अशा एका मास्तरची मी केंद्रप्रमुख असताना वेतनवाढ रोखायला लावली होती. हा कॅसेटवाला मात्र आपल्याकडे साड्यांच्या कपाटात बसतो.

असो. (हा शब्द मी रागावर झाकण म्हणून वापरतो, हे आपण ओळखलं असेलच.) आता दिवाळसणाकडे येतो. खरं म्हणजे ही आपल्यातली चाल नव्हे. आपल्या बापजाद्यांची दिवाळी म्हणजे वाघबारस आणि भाताची कापणी. मी पहिल्या दिवाळीला सासरवाडीला जामसरला गेलो, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माझ्या हातात विळा दिला आणि शेत दाखवलं. ती भेटवस्तू तीन दिवस वापरून मी त्यांना परत केली. पण आम्ही शिकलो, मास्तर झालो, जव्हारला घरं बांधली, आणि शेजारच्यांकडे बघून दिवाळसण करू लागलो. करतो तर रीतसर करावा, म्हणून मी चौकशी केली. रीत अशी समजली, की जेवणानंतर पाटावर बसलेल्या जावयाला सासऱ्यानं चारचौघांत ‘मागा, काय हवं ते’ असं म्हणायचं. जावयानं ‘काही नको’ असं दोनदा म्हणायचं. मग सासऱ्यानं अंगठी काढायची. अंगठी माझ्या सदऱ्याच्या खिशात तयार होती. माझं वाक्य मी खड्या आवाजात म्हटलं. शेजारचे पाचसहा जण होतेच. सौरभरावांनी पहिलं ‘काही नको’ बरोबर म्हटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी हर्षदाकडे पाहिलं आणि म्हणाले, “देणारच असाल तर हरेशचा तो लाल-पांढरा डबा द्या, बाबा. बंदूकवाला.”

देवरामभाऊ, आमच्या घरात हरेश हे नाव चार वर्षं कोणी मोठ्यानं घेतलेलं नाही. कमू घेते, पण चुलीजवळ. पाटाभोवती एकदम सगळे पानाचं तबक बघू लागले.

हा डबा काय होता, ते आपल्याला सांगायला हवं. आमचे चिरंजीव हरेश सातवीत पहिले आले, तेव्हा मीच तो नाशिकहून आणला होता. (माझी चूक. बक्षीस म्हणून शब्दकोश द्यायला हवा होता.) टीव्हीला जोडायचा, कॅसेट खोचायची, आणि वायरीला बांधलेल्या नारिंगी बंदुकीनं पडद्यावरची बदकं मारायची. दहावीच्या वर्षी सहामाहीत गणितात बेचाळीस मार्क पडले. त्याच दिवशी दारावर जुन्या प्लास्टिकच्या बदल्यात लसूण देणारा आला. हरेश शाळेत होता. मी डबा, बंदूक, वायरी, सगळं त्याच्या गोणीत टाकलं आणि पाव किलो लसूण घेतला. पोरगा घरी आला, त्यानं कपाट बघितलं, मग लसूण बघितला. त्या लसणाची चटणी त्यानं ताटाला लावून घेतली नाही. पुढं डी.एड.ला घातला, तर सहा महिन्यांत सोडून कल्याणला मोबाईल आणि टीव्ही दुरुस्त करायला गेला. ज्या तालुक्यात डी.एड.च्या जागेसाठी लोक देवाला बोकड बोलतात, तिथे माझ्या मुलानं ती जागा सोडली! तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो, “खोकी उघडून जगणाऱ्याला हे दार उघडणार नाही.” वाक्य चांगलं जमलं होतं. म्हणून ते मला मागे घेता आलं नाही.

तर जावयानं मागितलं, आणि मी चारचौघांत ‘मागा’ म्हणालो होतो. निवृत्त केंद्रप्रमुखाचा शब्द. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डबा शोधायला निघालो. लसूणवाला जव्हारच्या बाजारात अजून बसतो. आठ वर्षांपूर्वीचं प्लास्टिक त्याला काय आठवणार, असं मला वाटलं होतं, पण त्याला ते लगेच आठवलं. गोणीतून बाकीचं काय निघालं ते तो विसरला होता. बंदूक कोणी विसरत नाही. ती पोशेरा गावच्या बुधानं एका कोंबडीवर नेली होती. मग मी जावईबापूंच्या मोटारसायकलवर मागे बसून मोखाड्याचा घाट पाहिला. (पाहिला म्हणजे डोळे मिटून. प्रत्येक वळणावर सौरभराव मला कोणत्या साली कोणता गेम निघाला ते सांगत होते. माणूस दरीच्या काठावर असताना त्याला इतिहास शिकवू नये.)

बुधा माझाच विद्यार्थी. चौथीत त्याला मी दयेनं पास केलं होतं. तो खाचरातून धावत आला, पाया पडला, आणि आम्ही कशासाठी आलो ते ऐकल्यावर दोन पावलं मागे सरकला. त्याचं खरं काम बंदुकीशी होतं. डबा नुसता वायरीनं तिला बांधलेला, बैलाबरोबर दावं यावं तसा आलेला. ही बंदूक खांद्यावर टाकून तो आठ वर्षं नागलीच्या पिकावरची वानरं हाकतो आहे. मी म्हणालो, ती खोटी आहे, प्लास्टिकची आहे. बुधा म्हणाला, “गुरजी, तां तुमाला माहीत. वानरांना कोन सांगल? डबा न्या तुमचा. नागली घरात आल्याबिगर बंदूक नाय देयाचा मी.” मी ती त्याच्या हातातून घेऊन बांधावर उभा राहिलो. झाडावरचं एक वानर मला बघून एक फांदी खाली आलं. बुधानं घेतली, तर सगळी वर गेली. आमचे जावई चिखलात गुडघे टेकून बंदुकीचा रंग तपासत होते आणि असा नारिंगी रंग आता मिळत नाही म्हणत होते. सबंध पाडा बघायला जमला होता. देवरामभाऊ, मी त्या गावात एकदा झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो.

डबा घरात देवाजवळ होता. दरवर्षी खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि हा डबा अशी ओळीनं पूजा होते. जे काही मास्तरांच्या घरून आलं, ते अवजारच असणार, असा त्याचा साधा हिशेब. कॅसेट खोचायच्या फटीत आठ वर्षांचं हळदकुंकू आणि अक्षता भरलेल्या होत्या. मी चौथीत पास केलेल्या माणसानं त्या डब्याला गंध लावलं होतं, आणि मी तो डबा गोणीत टाकला होता. हे मी नुसतं कळवतो आहे. यावरून आपण काही अनुमान काढू नये.

मग तीन दिवस माझ्या बैठकीच्या खोलीत जावईबापू टूथब्रश घेऊन डब्यातली हळद काढत बसले. भेटायला येणाऱ्यांना मी ‘जावई इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत’ असं सांगत होतो. त्यातच भाऊबीज आली. हर्षदानं अंगणात पाट मांडला आणि भाऊ नाही म्हणून चंद्राला ओवाळलं. चंद्रानं ताटात काही टाकलं नाही. कमू पदर डोळ्यांना लावून आत गेली, आणि जावईबापू त्या वेळीही मान खाली घालून ब्रश चालवत होते. मला तेव्हा त्या ब्रशचा फार संताप आला. चौथ्या दिवशी त्यांनी वायरी जोडल्या आणि स्वतःच्या बॅगेतली बदकांची कॅसेट खोचली. दिवा लागला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. सौरभरावांनी मान हलवली, ‘हे हरेशच करू जाणे’ म्हणाले (आपल्याकडची सगळी यंत्रं दर रविवारी जेवायला येऊन तोच चालू करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं), मी दिलेली अंगठी बोटात घातली, बायकोला मागे बसवलं आणि गेले. डबा इथेच ठेवून! ज्या मेलेल्या डब्यासाठी मला घाटात आणि वानरांपुढे उभं केलं, तो माझ्याच टीव्हीवर टाकून गेले. याला छंद म्हणत नाहीत. मूर्खपणाला आता नवीन नाव निघालं आहे, एवढंच.

तरी आपण वडीलकीच्या नात्यानं चिरंजीवांना दोन शब्द सांगावेत, ही विनंती. विहीणबाईंना नमस्कार. साखरेची गोळी जेवणाआधी घ्यावी, नंतर नव्हे.

आपला नम्र,
गोकुळ महाले

ता. क. – चिरंजीवांना काही सांगू नये. हर्षदाला वाईट वाटेल.

ता. क. – रविवारी हरेश जेवायला आला, की त्याला सांगावं, डबा सापडला आहे, पण पार मेला आहे. जुना टीव्ही हलवता येत नाही, म्हणून दुरुस्ती इथेच करावी लागेल. मी बोलावलं आहे असं म्हणू नये; म्हटल्यास तो येणार नाही. आईनं बोलावलं असंही नको. ते तो ओळखेल. नुसतं यंत्र बिघडलं आहे, एवढंच सांगावं. त्यावर तो येतो, असं हर्षदा म्हणते. लसूण मी घेतला होता, चूक माझी होती, आणि घरात चार वर्षं तो दिसत नाही हे मला सहन होत नाही. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, त्यामुळे हे तोंडानं म्हणायची सवय नाही. ते वाक्य मात्र तो आल्यावर मीच म्हणेन. पाठ केलं आहे.

ता. क. – ही मंडळी गेल्यावर मी डब्याच्या मागे हात घातला, तर टीव्हीची वायर सैल सोडलेली होती. घट्ट बसवताच बदकं उडू लागली. एकतीस यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला सैल वायर दिसली नाही, यावर माझा विश्वास नाही. वर त्यांच्याबद्दल जे लिहिलं आहे, ते खोडायला गेलं तर सगळं पत्र पुन्हा लिहावं लागेल, म्हणून तसंच ठेवतो. यंत्र चालू आहे हे फक्त कमूला आणि आता आपल्याला ठाऊक आहे. हरेश एस.टी.त बसला, की तेवढा फोन करावा. वायर पुन्हा सैल करायला मला दोन मिनिटं लागतील, पण टीव्हीमागे वाकायला माझी पाठ वेळ घेते, म्हणून आधी कळलेलं बरं.