टकल्याची चढण

२ फेब्रुवारी, सोमवार

काल पुन्हा पडली! टकल्यावरच. सलग तिसरा रविवार.

टकल्या म्हणजे मैदानामागचा सगळ्यात मोठा दगड. माझ्या कमरेएवढा, वर गुळगुळीत. आमच्या निवृत्तांच्या मंडळातल्या सगळ्यांच्या रिमोटच्या गाड्या त्याच्यावर सावकाश चढतात आणि पलीकडे उतरतात. माझी अर्ध्यावर जाते, ठुमकते, नाक वर करते आणि उताणी! चारही चाकं आभाळाकडे. मंडळातले बसड्रायव्हर म्हणाले, "घड्याळजी, गाडीला कोलांट्या शिकवताय का?" सगळे हसले. मीही हसलो, पण आतून नुसता जळफळाट. निवृत्त झाल्यावरही हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असाच बोलतो!

बावीस तारखेला स्पर्धा आहे. न पडता टकल्या चढायचा, बस. आणि मी चारचौघांत बढाई मारून बसलोय — चाळीस वर्षं घड्याळं उघडली, ही चार स्प्रिंगांची गाडी काय चीज आहे! आता माघार नाही.

दुकानातलीच रीत ठेवायची. एका वेळी एकच बदल. मग चाचणी. मग इथे नोंद.

३ फेब्रुवारी

पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. दगड लागला की चाकाने मुकाट वर सरकावं, अख्ख्या गाडीला उचलू नये, हा हिशेब. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा डोंगर रचून चढवून पाहिली. तीन पुस्तकं चढली, शब्दकोशावर ठुमकली.

ही म्हणाली, "अहो, या टेबलावर जेवतातसुद्धा. आठवतंय ना?"

५ फेब्रुवारी

आज तेल. प्रत्येक चाकाजवळ धक्के जिरवणारी एक बारकी नळी असते — शॉकअप. आत तेल. तेल पातळ असलं की स्प्रिंग मोकाट सुटते आणि गाडी उड्या मारते. म्हणून चारही नळ्यांत घट्ट तेल भरलं. निम्मं नळीत, निम्मं मेजपोशावर. बाटलीचं तोंडच कुचकामी! असली बाटली बनवणाऱ्याला माझ्या दुकानात एक दिवस उभं केलं नसतं.

"बरं झालं," ही म्हणाली, "मेजपोशाला आता धक्के बसणार नाहीत."

या बाईला कोणीतरी आवरा.

८ फेब्रुवारी, रविवार

पडली. पण पाऊण दगड चढून! ही प्रगती आहे आणि मी ती मोजणार.

ठुमकणं मात्र जात नाही. मोठे हेलकावे नाहीत, बारीक बारीक झटके. पुढे-मागे, पुढे-मागे. चढावर चाक क्षणभर सुटतं आणि तेवढ्यात खेळ खलास. बसड्रायव्हर गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "बॅटरी पुढे घ्या. बसमध्ये सगळे मागे बसले की चढावर पुढचं हलकं लागायचं." सल्ला बरोबर आहे. त्यांनी दिला, एवढंच वाईट.

१० फेब्रुवारी

बॅटरी पुढे सरकवली. एवढं लिहायला एक ओळ लागली, करायला सकाळ गेली. कारण स्क्रू! तांदळाच्या कणीएवढा. चिमट्यातून निसटला आणि सतरंजीत गडप. दोघंही रांगत होतो, चाळीस मिनिटं. शेवटी हिच्या सपातेत सापडला. ही जमिनीवर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. हल्लीचे स्क्रूच असे, धरायला डोकंच नाही.

खरं सांगायचं तर दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून असं हसलो नव्हतो. आठ महिने झाले. सकाळी साडेनऊ वाजले की हातांना काहीतरी हवं असतं, आणि नसतं. आता आहे. छान वाटतं.

१२ फेब्रुवारी

सर्दी. बदल नाही. गाडी आणि मी, दोघंही विश्रांतीवर.

१३ फेब्रुवारी

पुढचा कणा, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, जाड दोऱ्याने वर सांगाड्याला बांधला. आता चढावर गाडीचं नाक स्प्रिंगांवर उसळून वर जाणार नाही. दोरा हिच्या शिवणाच्या डब्यातला. गाठही तिनेच मारली, मला काही केल्या बसेना. "घड्याळजी म्हणे!" असं म्हणाली, पण हळू.

१५ फेब्रुवारी, रविवार

चढली!!

पण सुरुवातीपासून लिहितो. ही आज पहिल्यांदाच मैदानावर आली, थर्मास घेऊन. मी दोनदा चढवली, दोनदा उताणी. सगळे आपापल्या गाड्या पुसायला लागले. हसत होते तेच बरं होतं. एवढ्यात ही म्हणते, "द्या बघू इकडे. रोज तुमची बडबड ऐकून मला सगळं पाठ झालंय."

दिला रिमोट. म्हटलं, होऊ दे हसं. हिने चष्मा डोक्यावर सरकवला, रिमोटचा घोडा दाबला, आणि गाडी निघाली... एक झटका नाही! एक उडी नाही! एकेक चाक दगड चाचपत वर गेलं, माथ्यावर जरा थांबली आणि पलीकडे उतरली. टाळ्या! मी तर ओरडलोच, "दोरा! दोऱ्याने केलं काम!" बसड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, पुन्हा एकदा." पुन्हा चढली.

गाडी जुळली. येताना वाटभर मीच बोलत होतो. ही गप्प होती, दमली असणार.

१७ फेब्रुवारी

काय झालंय काय? सकाळी एकटाच सरावाला गेलो. पाच वेळा चढवली, पाच वेळा पडली. तेच झटके. घरी आणून सगळं उघडलं. तेल गळत नाही. दोरा ताठ. स्प्रिंगा जागच्या जागी. बॅटरी पूर्ण भरलेली.

संध्याकाळी हिला ओढत नेलं. म्हटलं, चढव. चढवली. सहापैकी सहा वेळा!

म्हणजे आता गाडीसुद्धा हिच्याच बाजूची. फार चिडलो.

१८ फेब्रुवारी

आज गाडी बंदच ठेवली. नुसता रिमोट हातात घेतला, घोडा अर्धा दाबून धरला. तो बोटाखाली पुढे-मागे, पुढे-मागे होत राहिला. हिला म्हणालो, "माझ्या बोटाकडे बघ." तिने बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सहा महिने झाले याला, अहो. तुम्ही स्प्रिंगा बदलत होतात. खुशीत होतात. म्हटलं, बदलू देत."

भीती वाटली. फार. तिने ते बोट मुठीत धरून ठेवलं.

शुक्रवारी डॉक्टर. रविवारी टकल्यावर गाडी ही नेणार, आणि मी शेजारी उभा राहून ओरडणार. ते मला अजून उत्तम जमतं.