पाठीच्या आठ काठ्या

ता. २ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न. वि. वि.

तुमची लेक, म्हणजे माझी सून, हिने आपल्या दोघांनाही बजावलं आहे की तिच्यादेखत भांडायचं नाही. फोनवर तुमचा आवाज चढला की माझाही चढतो. म्हणून पत्र. कागद निदान ओरडत नाही.

आपली नात गेली त्याला आता थंडी सरत आली. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. त्या दिवशी चार माणसं बोलावून मी समोरच्या खोलीत तिच्या कविता म्हणणार आहे, म्हणजे मी तिला शिकवलेल्या. तुमच्या कारखान्यात तिने अर्धवट ठेवलेली खुर्ची तेवढी पाठवा. तिच्यावर फोटो ठेवीन. खुर्ची माझ्यासाठीच होती. सुतळीने माझ्या पाठीचं माप घेताना हलू नका म्हणून दटावत होती, आणि मला गुदगुल्या होत होत्या.

मला ती अजून दिसते ती खिडकीच्या कट्ट्यावर, पाय हलवत, शाळेच्या गणवेशात कविता म्हणताना. अशा पाखराच्या हाती पटाशी कोणी दिली, हे मी विचारत नाही. लाकडाचा भुसा तिच्या छातीत किती गेला, तेही विचारत नाही.

कळावे. लोभ पूर्वी होता तेवढा तरी ठेवावा.

आपला,
व्याही

ता. ९ फेब्रुवारी

गुरुजी यांस,
स. न. वि. वि.

विचारत नाही म्हणत दोन्ही विचारलंत. तुमची ही जुनी खोड. मग माझंही ऐका. बऱ्या न झालेल्या खोकल्यात तिला कवितेच्या स्पर्धेला गारठ्यात कोण घेऊन गेलं? डॉक्टरांनी तुमच्या-माझ्यासमोर सांगितलं होतं की भुशाने नाही आणि गारठ्याने नाही, आजार रक्तातच होता. ते तुम्ही सोयीने विसरता, तर मीही विसरतो.

तुमचं पाखरू माझ्याकडे ओठांत पेन्सिल धरून रंधा मारायचं. आम्ही सगळे तिला मिस्त्री म्हणायचो. कारखान्यातल्या एका पोराने ठोकलेलं स्टूल डुगडुगलं, तर तिने त्या पोरालाच त्याच्यावर दिवसभर बसवून ठेवलं. ही मिस्त्री तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही एकदाही कारखान्याची पायरी चढला नाहीत. धुळीची शिंक येते ना.

खुर्ची मिळणार नाही. ती माझी आहे. माझी कंबर धरते म्हणून तिने सुतळीने माझं माप घेतलं होतं. फोटो टेबलावर ठेवा.

लोभ तुमच्या सोयीने करावा.

सुतार

ता. १३ फेब्रुवारी

व्याहीबुवा यांस,
नमस्कार.

तुमचं उद्धट पत्र मिळालं. इतके दिवस झाले, खुर्ची तुमची, कारखाना तुमचा, हत्यारं तुमची, मग ती अजून पोत्याखाली सुटी का पडली आहे? सूनबाई सांगत होती, तुम्ही कोणाला हात लावू देत नाही आणि स्वतःही लावत नाही. जमत नसेल तर तसं कळवा. तुमच्याशिवाय दुसरा सुतार नाही असं नाही. आमच्या कोपऱ्यावरचा एका दुपारीत जोडून देईल, आणि बोलेलही नीट.

तुमची कंबर बरी होवो.

व्याही

ता. १८ फेब्रुवारी

गुरुजी यांस,
नमस्कार.

आणा तुमचा कोपऱ्यावरचा. तोही डोकं धरून बसेल.

बसायचा पाट झाला आहे, पाय झाले आहेत. अडलंय ते पाठीशी. पाठीला आठ काठ्या, प्रत्येक हाताने तासलेली, प्रत्येकीचा बाक निराळा. जी ज्या भोकाची तिथेच बसते. जबरदस्ती केली की पाट चिरतो. एकदा तसा आवाज आला आणि मी हात काढून घेतला, तेव्हापासून पोतं टाकून ठेवलंय. आम्ही भोकावर आणि काठीवर सारखाच आकडा घालतो. हिने भोकांवर आकडे घातले आणि काठ्यांवर पेन्सिलीने शब्द. उभे. पिवळे. दारी. अजून. पेरते. पाखरू. ऊन. पहाट. हे असलं माझ्या कारखान्यात कोणी शिकवत नाही. तुमचे संस्कार.

तुम्हाला काही उलगडत असेल तर कळवा. विनंती करतोय असं समजू नका.

सुतार

ता. २२ फेब्रुवारी

व्याहीबुवा यांस,
स. न. वि. वि.

काठ्यांवरचे शब्द मी कागदावर मांडून पाहिले. ही माझी कविता आहे. कुठे छापली नाही, कोणाला ठाऊक नाही. नात पहिलीत असताना तिच्यासाठी केली होती.

पहाट पेरते पिवळे ऊन,
दारी पाखरू उभे अजून.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी ही म्हणायला लावली की डोळे फिरवायची. मला वाटलं, विसरली. आता ओळीतल्या क्रमाने काठ्या बसवा, पहिल्या भोकापासून. आणि कविता माझी, तेव्हा खुर्ची कोणाची हे आता तरी मान्य करा. वाढदिवसाआधी पोचवा.

उत्तराची वाट पाहतो.

व्याही

ता. १ मार्च

गुरुजी यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या ओळी मोठ्याने म्हणत एकेक काठी बसवली. पोरं हसली. आठही बसल्या, हातोडीसुद्धा लागली नाही.

मग मी बसून पाहिलं. माझे गुडघे हनुवटीशी आले. मला वाटलं, म्हणजे तुमचीच. काल तुमचा मुलगा इकडे आला होता, तुमच्याच उंचीचा. त्याला बसवलं, तर त्याचेही गुडघे वर आले आणि खुर्चीची पाठ मध्येच संपली. शेवटी माझ्या लेकीला बोलावलं. अंगाने ती थेट मिस्त्रीसारखी. ती बसली आणि खुर्ची मापात आली. पाठ पाठीला, पाय जमिनीला. बराच वेळ ती उठली नाही. आम्ही दोघेही मग बाहेर जाऊन उभे राहिलो.

खुर्ची ती स्वतःसाठी करत होती, गुरुजी. पायांची लांबी बघूनच मला कळायला हवं होतं. आपण दोघे दोन बाजूंनी ओढायचो, म्हणून दोघांनाही सुतळी लावून तिने गप्प केलं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आधी माझी कर. तुम्हीही तेच म्हणाला असता.

खुर्ची त्या दिवशी मी स्वतः आणतो. तुमच्या समोरच्या खोलीत ठेवतो. पण फोटो ठेवायचा नाही, आणि बसायचं कोणीच नाही. तुम्ही त्या दोन ओळी उभ्याने म्हणा. मीही उभाच राहीन. कंबर धरेल, धरू दे.

समेट झाला असं समजू नका. तुमच्याकडे चहा घेणार नाही. लोभाचं नंतर बघू.

सुतार