आडाच्या काठचं शेवाळ

नांदेड, ता. ४ एप्रिल १९८३

तीर्थरूप मलप्पाअण्णास, शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

मला सातवा संपत आला आणि तू लिहितोस, आड आटला, बाळंतपणाला येऊ नकोस. पहिलटकरणीला असं कोणी लिहितं का? आई असती तर तुझी छाती झाली नसती. काल आपल्या गल्लीतली पार्वतीबाई इथे दवाखान्यात भेटली. ती म्हणाली, पाण्याचे हाल हायत, पण तुमच्या आडाच्या काठाला शेवाळ लई हिरवंगार हाय. कोरड्या आडाचं शेवाळ काळं पडून पापुद्र्यानं सुटतं, हे मला ठाऊक आहे. वहिनींना माझं करणं जड जात असेल तर तसं सरळ लिही.

तुझी (अजून असले तर)
शिवकांता

अहमदपूर, ता. १७ एप्रिल

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबाद घालतेस, म्हणून पत्र तिकडून फिरून आलं. गेल्या साली आपला जिल्हा लातूर झाला, आता तेच लिही. आडात टँकर रिकामा करतात, सारी गल्ली शेंदते, म्हणून काठ ओला. वहिनीला लिहायला सवड नाही. बाळंतपण तिकडेच कर, मी तूप घेऊन येईन.

तुझा अण्णा

नांदेड, ता. २१ एप्रिल

सौ. उमादेवीवहिनींस, सा. न.

जिल्हा लातूरच लिहिला आहे, आता उशिराचं निमित्त नको. गल्लीला पुरणारं पाणी मलाच कसं पुरत नाही? सवड नाही की मन नाही, हे तुम्हीच कळवा.

शिवकांता

अहमदपूर, ता. २६ एप्रिल

चि. सौ. शिवकांतास आशीर्वाद.

आड आटल्याचं निमित्त मीच लिहायला लावलं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी टँकरला रेटारेटी झाली आणि त्या शेवाळावरून माझा पाय सटकला. मला पाचवा होता. गेलं. पोटुशीला असलं कळवू नये म्हणून गप्प राहिले. बायका म्हणतात, जिचं गेलं तिनं ओटी भरू नये, तिची सावलीसुद्धा नको. मला ते पटत नाही, तरी तुझ्या बाळाची भीती वाटते. शेवाळ मी विटकरीनं घासते, ते पुन्हा धरतं. तुझ्या मनात किंतु असेल तर येऊ नकोस. मी रागावणार नाही.

तुझी वहिनी

नांदेड, ता. ३० एप्रिल

सौ. वहिनींस शि. सा. न.

मी काय काय लिहिलं, त्याची लाज वाटते. सोमवारच्या एस.टी.ने येते. ओटी तुम्हीच भरायची. दुसरं कोणी पुढे आलं तर मी पदर पसरणार नाही.

तुमचीच
शिवकांता