चेवेची कबर आणि लुबेंदेचे महापौरपद

मी, फेलिस्ता न्सोफ्वा कापांसा, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त परिचारिका आणि लुबेंदे शहराची माजी महापौर, राहणार जुनी खाण वसाहत, लुबेंदे, याद्वारे लिहून ठेवते की माझ्या मृत्यूनंतर माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणून काढून घ्यावे असे आता माझ्याकडे काही उरलेलेच नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मी माझा धाकटा भाऊ केनान यास व्यवस्थापक नेमले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे, आणि ती नेमणूक तर आधी रद्द समजावी.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी मुलगी मुकुका हिला नेमते. तिला हिशेब कळतात आणि ती कोणाला घाबरत नाही. दुसरा गुण माझा, पहिला तिच्या वडिलांचा.

कलम २. खाण कंपनीने कामगारांना घरे विकली तेव्हा आम्ही नवरा-बायकोने मिळून हे घर घेतले. त्यातला माझा अर्धा हिस्सा माझे पती बोनिफास यांना द्यावा. ते खाणीत इंजिन चालवत. आता लुआपुला नदीकाठी आपल्या गावी पुतण्यांकडे राहतात. परत आले तर घर त्यांचेच आहे, नाही आले तर त्यांच्यामागे मुकुकाचे. ते इथे का राहत नाहीत हे कलम चारमध्ये लिहिले आहे, म्हणजे मयताला आलेल्यांना तर्क लढवायला नकोत.

कलम ३. महापौरपदाची साखळी पालिकेची होती, ती परत गेली. लाल झगा मात्र माझा स्वतःचा. पालिकेच्या झग्यात दोन फेलिस्ता मावल्या असत्या, म्हणून मी माझ्या पैशाने वेगळा शिवला. तो उसवून सरकारी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डाला पडदे करावेत. सकाळी तिथे पोरांच्या डोळ्यांवर ऊन येते.

त्याच वॉर्डात माझी नोकरी झाली. आमच्याकडे पूर्वी नगरसेवक आपापसात महापौर निवडायचे. कायदा बदलला आणि लोकांनी थेट मत द्यायचे ठरले, तेव्हा पक्षाला असा चेहरा हवा होता जो घराघरात ओळखीचा आहे. केनान गाडीच्या टपावर उभा राहून भोंग्यातून ओरडायचा, “जिनं तुम्हाला सुया टोचल्या, तिच्या नावापुढं फुली मारा!” लोक हसले आणि त्यांनी फुल्या मारल्या. शहराने स्वतः निवडलेली पहिली महापौर मी. त्या दिवशी बाजारातल्या बायकांनी माझ्या पायांखाली आपली चितेंगे वस्त्रे अंथरली. मला वाटले, आता मी सांगेन ते होईल.

मुख्याधिकारी राजधानीतून नेमलेला होता. मी काही सांगितले की तो उभा राहून “हो, महापौरबाई” म्हणायचा आणि राजधानीतून फोन येईल तसे करायचा. टेकडीवरच्या वस्तीत नळ आले, तेवढे माझे. बाकी फिती कापल्या. फिती कापायची कात्री मुकुकाने ठेवून घ्यावी, धार चांगली आहे.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. पण मृत्युपत्र लोक शेवटपर्यंत वाचतात, भाषण वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

काँगोच्या रस्त्यालगत शहराची जुनी दफनभूमी होती. तिच्या भिंतीकडेच्या पट्ट्यात गोवराच्या साथीत गेलेली मुले होती. त्यातली बरीच माझ्या हातात गेली. माझी थोरली चेवेही तिथेच होती. मी वॉर्डात दुसऱ्यांची पोरे सांभाळत होते आणि ती घरी तापली. यावर मला अधिक लिहायचे नाही.

तांब्याचे ट्रक त्या रस्त्यावर कोसभर रांग लावून उभे असतात. त्यांच्या तळासाठी आणि पेट्रोलपंपासाठी एका व्यापाऱ्याला तो पट्टा हवा होता. पक्षाने होकार दिला. ठराव माझ्या अध्यक्षतेखाली व्हायचा होता. मी तो मांडू दिला नाही. एक सभा गेली, दुसरी गेली. तेव्हा केनान, ज्याला मीच उपमहापौर केले होते, बाजारात बोलला, “हिची स्वतःची पोर आहे तिथं, म्हणून एवढा पुळका. एका मेलेल्या पोरीपायी जिवंत पोरांच्या नोकऱ्या अडवल्यात!”

ते शहरभर झाले. मी पाण्याबद्दल बोलायला उभी राहिले की मागून कोणीतरी विचारायचे, “बाई, घरचं स्मशान आहे का?” शेजारी ज्यांची मुले पुरलेली होती त्या दोनशे आयांचे कोणी नावही घेत नव्हते. सगळी गोष्ट माझ्या एकटीची होऊन बसली.

म्हणून मी दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढली, फादरना बोलावले आणि चेवेची कबर उघडवली. भरदिवसा, लोकांदेखत. लहानशी पेटी भरली. बोनिफास तेव्हा गावी, चुलत्याच्या मयताला गेले होते. परत आले तेव्हा पेटी आमच्या पुढच्या खोलीत, पांढऱ्या कापडाखाली होती.

“मला विचारलंस?” ते म्हणाले.

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणूनच विचारायचं असतं, बाना चेवे.”

बाना चेवे, म्हणजे चेवेची आई. ती झाल्यापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ती हाक शेवटची. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ते बसने गावी गेले आणि तिला तिथे पुरले. ते तिथेच राहिले. पुढे फोनवर बोलायचे तेव्हा मला महापौर म्हणायचे. त्याबद्दल मी या कागदावर माफी मागणार नाही. त्यांनी ती फोनवर ऐकून घेतली नाही, कागदावर वाचून काय होणार?

पुढच्या सभेत मी उभी राहिले. “आता तिथं माझं कोणी नाही,” मी म्हटले. “आता बोला. ज्यांची आहेत त्यांच्यासाठी बोलते आहे, आता तरी ऐका.”

मला वाटले, जिंकले.

मग केनान उठला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. “महापौरबाईंनी स्वतःच वाट दाखवली आहे,” तो म्हणाला. “आईचं काळीज असून त्यांनी हलवलं. मग इतरांना काय अडचण? पालिका खर्च देईल.” टाळ्या पडल्या. माझ्याच पक्षाचे हात वर गेले, विरोधकांचेही गेले. माझा एकटीचा खाली राहिला.

ज्यांना जमले त्यांनी मुले हलवली. बहुतेकांना खूण सापडली नाही. साथीत दगड कोण लावत बसतो? पावसाळ्याआधी काँक्रीट पडले. पालिकेने कबूल केलेला खर्च कोणाला मिळाल्याचे मी ऐकले नाही.

कलम ५. माझा मोठा फ्रीझर लव्हनेस किलोंगा हिला द्यावा. ही बाजारात सुके कापेंटा मासे आणि भाजी विकते. तिची दोन मुले त्या काँक्रीटखाली आहेत. मी दुसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा पक्षाची उमेदवारी केनानला मिळाली आणि मी अपक्ष होते. मत मागायला मी तिच्या टोपलीपाशी गेले.

“तुला आधीच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तुझी तेवढी काढून घेतलीस.”

“लव्हनेस, मी तुमच्यासाठीच काढली गं.”

“माझ्यासाठी? मग माझी का नाही काढलीस?”

मी पुढच्या टोपलीकडे गेले. निवडणूक मी हरले. मोजणीनंतर ती मला रस्त्यात भेटली आणि तिने आपणहून सांगितले, “मी तुझ्या भावाला मत दिलं. तो चोर आहे हे निदान कळतं. तू काय होतीस, ते कळलंच नाही.”

फ्रीझर दया म्हणून नाही, ती कोणाची दया घेत नाही. शहर पाठीमागे जे बोलत होते ते ती तोंडावर बोलली, त्यासाठी आहे.

कलम ६. केनानला प्रचाराचा भोंगा द्यावा. माझ्याकडून त्याला दुसरे काहीही मिळू नये. तो आता महापौर आहे आणि मुख्याधिकारी त्यालाही “हो, महापौरसाहेब” म्हणतो, असे ऐकते. हे वाचून मुकुकाने विचारले, याचा तुला आनंद होतो का? होतो.

कलम ७. परिचारिका पतसंस्थेतली ठेव मुकुकाची. अट एवढीच, की तिने कोणत्याही निवडणुकीला उभे राहू नये.

“आई, ही अट कोर्टात टिकायची नाही,” ती म्हणाली.

“न टिको. लिहिलेली राहू दे.”

कलम ८. मयताला पक्षाचे छापील चितेंगे कोणी नेसून येऊ नये. पालिकेच्या वतीने कोणी बोलू नये. कोणाला फारच उमाळा आला तर त्याला गाणे म्हणू द्यावे. येईल त्याला मक्याच्या पिठाची न्शिमा, घेवडा आणि मासे वाढावेत. केनान आला तर त्यालाही वाढावे. तो भुकेला असला की जास्त बोलतो.

कलम ९. माझे दफन चेवेशेजारी व्हावे अशी माझी इच्छा होती. मुकुकाने वडिलांना फोन करून विचारले. ते म्हणाले, “शेजारी एकच जागा आहे, मुकुका. ती मी स्वतःसाठी ठेवली आहे.” मुकुका रडली. मी तिला म्हटले, त्यांनी निदान विचारल्यावर उत्तर दिले.

तेव्हा मला शहराच्या नव्या दफनभूमीत, त्या दिवशी जी जागा ओळीने येईल तिथे ठेवावे. दगडावर फक्त नाव लिहावे, पद लिहू नये. आणि एकदा ठेवल्यावर मला तिथून हलवू नये. रस्त्यासाठी नाही, शाळेसाठी नाही, पोटच्या मायेने नाही आणि शहराच्या भल्यासाठी तर मुळीच नाही. हे कलम माझ्या वारसांवर, पालिकेवर आणि लोकांनी यापुढे निवडून दिलेल्या प्रत्येक महापौरावर बंधनकारक राहील.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून, एकही शब्द न खोडता, पुढील साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

(सही) फेलिस्ता न्सोफ्वा कापांसा

साक्षीदार:
१. (सही) जॉय नामोंगा, वकील, लुबेंदे
२. (सही) फादर एमानुएल काबुंगो, जुनी खाण वसाहत

स्थळ: लुबेंदे
दिनांक: १४ जून २०२५