बाहेरच्या भिंतीवरचा पाइप

तात्या, बाहेरच्या भिंतीवरचा तुमचा पाइप काढला. त्याचे तुकडे मागच्या अंगणात ठेवलेत, भंगारवाला येऊन घेऊन जाईल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की हडपसरमध्ये तुमच्या ओळखीचं आता फारसं काही उरलेलं नाही. घरासमोर ज्वारीचं रान होतं तिथे उंच इमारती आहेत, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असतात. भिंत मात्र तीच आहे. म्हणून तिचं काय झालं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आईला अंधारात दिसेनासं झालं तेव्हा मी शाळेत होते. तिनं ते बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायची नाही, विचारलं तर पाय दुखतात म्हणायची. मग एका संध्याकाळी मागच्या संडासाकडे जाताना ती पायरीवरून पडली आणि कपाळाला खोक पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, नजर हळूहळू जाणार, यावर औषध नाही. तुम्ही पुढच्या सुट्टीला सकाळीच कंपनीतल्या मित्राच्या टेम्पोतून लोखंडी पाइप घेऊन आलात. स्वयंपाकघराच्या दारापासून संडासापर्यंत भिंतीच्या कडेनं आईला चालायला लावलंत, आणि तिचा हात सहज जिथे येईल तिथे त्याच्याखाली खडूनं रेघ ओढत गेलात. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बघत होत्या. आई लाजून अर्ध्यातच थांबली. तुम्ही म्हणालात, "चाल गं, कोन बघतंय?" ती म्हणाली, "कोन बघतंय तेच तर मला दिसत न्हाय." त्यावर आधी ती हसली, मग तुम्ही. दवाखान्यातून आल्यापासून घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो पाइप बसवायला तुम्हाला पूर्ण दिवस लागला. संध्याकाळी तुम्ही कापसाचा बोळा घेऊन तो पाइपवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होतात. कापूस जिथे अडकेल तिथे कानस मारायची, आणि पुन्हा कापूस. शेवटच्या टोकाला पाइप खाली वाकवला होता, म्हणजे रस्ता संपला हे आईच्या हाताला आपोआप कळावं. दुसऱ्या दिवशी मी शाळेचा ओला स्कर्ट त्या पाइपवर वाळत घातला. तुम्ही कामावरून आलात, डबाही खाली न ठेवता तो स्कर्ट उचलून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ही दोरी न्हाय. हा तुझ्या आईचा रस्ता हाय. रस्त्यात कोन कपडं वाळत घालतं का?" आवाज चढवला नव्हतात, तरी त्यानंतर मी त्या पाइपला नुसती टेकूनही कधी उभी राहिले नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी घरातच संडास-बाथरूम बांधून घेतलं. पाइपची तशी गरज उरली नाही. तोवर आईची नजर पूर्ण गेली होती. तरी रोज सकाळी ती पाइप धरून मागच्या कढीपत्त्याच्या झाडापर्यंत जायची, चार पानं तोडायची आणि परत यायची. मी डबा भरता भरता खिडकीतून बघायची. मग गेल्या पावसाळ्यात आईच्या खोलीत, तिच्या उशाशीच, भिंतीला ओल आली. ती रात्रभर खोकायला लागली. मिस्त्रीनं बाहेरून पाहिलं. पाइप पेलणारे लोखंडी पाय भिंतीत जिथे गाडले होते तिथे लोखंड गंजून फुगलं होतं, प्लास्टर फुटलं होतं आणि पाणी तिथून आत उतरत होतं. तो म्हणाला, सगळं काढावं लागेल. मी म्हणाले, काढायचं नाही, वरून बुजवून द्या. त्यानं बुजवलं. यंदा ओल आणखी वर चढली. मी पुन्हा बुजवायला सांगणार होते.

आईनं मला बोलावून घेतलं. ती पलंगावर बसली होती आणि तिचा पंजा ओल्या भिंतीवर होता. तिनं विचारलं, पाइप का काढत नाहीस. मी म्हणाले, तो तात्यांनी लावलाय. तात्या, त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"त्यांनी लावलाय म्हनूनच सांगते. ते असते तर त्यांनी कवाच उपटून टाकला असता. गंजकं लोखंड म्हंजे तुझा बाप न्हवं."

मी विचारलं, तू झाडापर्यंत जाणार कशी? ती म्हणाली, पाइपची गरज तिला पहिल्या वर्षातच उरली नव्हती. भिंत तिला कळायची. ऊन कुठे लागतं, कुठे गार होतं, न्हाणीचा वास कुठून सुरू होतो, सगळं कळायचं. मग धरायचीस कशाला? तिनं भिंतीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"तुझे तात्या आत चहा घेऊन बसायचे. पायपावर माझ्या बांगड्या वाजत गेल्या, की मगच कप तोंडाला लावायचे. मी एकदा पाइप सोडून गेले, तर कप तसाच टाकून बाहेर आले. मग धरत राहिले. तेवढ्यानं मानसाला चहा गोड लागतो, तर माझं काय जातंय?"

मी म्हणाले, पण तात्या जाऊन किती वर्षं झाली. तेव्हा ती म्हणाली, "मग तू खिडकीत उभी राहायला लागलीस."

मिस्त्री आला तेव्हा आईनं खुर्ची मागच्या अंगणात ठेवायला लावली. ग्राइंडरनं पाइप लवकर कापला गेला, पण भिंतीतले पाय काही केल्या निघेनात. छिन्नीनं भोवतालची वीट फोडल्यावर दिसलं, की तुम्ही प्रत्येक पायाचं आतलं टोक चिरून माशाच्या शेपटीसारखं फाकवलं होतं. मिस्त्री घामाघूम झाला. म्हणाला, ज्यानं बसवलं त्यानं कधी काढायचं असा विचारच केला नव्हता वाटतं. आई खुर्चीतून म्हणाली, "न्हवता केला." आणि पदरानं तोंड पुसत, की हसू लपवत, बराच वेळ तशीच बसून राहिली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भोकं भरून प्लास्टर झालं, दोन-चार दिवस मी भिंतीवर पाणी मारलं, आणि आता आईच्या उशाची भिंत वाळायला लागली आहे. खोकलाही कमी आहे.

आता ती नुसती बोटांची मागची बाजू भिंतीला लावून जाते. पहिल्या सकाळी मी तिच्या मागोमाग निघाले, तर न वळता म्हणाली, "आत जा. तुझा डबा भर." मी आत आले. बाहेरून काहीच आवाज येत नव्हता. तुम्ही इतकी वर्षं रोज काय ऐकत होतात, ते मला त्या शांततेत कळलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, ते माहीत आहे. आईला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, तिलाही आवडलं असतं. पण दाखवणार नाही. आता मी खिडकीत उभी राहत नाही, खिडकीकडे पाठ करून बसते आणि निवांत चहा पिते, असं मी तिला सांगितलंय. पाठ करून बसते एवढं खरं आहे. चहा मात्र आई दारात येऊन कढीपत्ता ओट्यावर ठेवेपर्यंत तसाच असतो, आणि रोज गार होतो.