रविवारचे अकरा

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा एक-एक! सात सामने झाले, त्यातले पाच बरोबरीत. दहा संघांत आम्ही सहावे. गेल्या वर्षीही सहावेच होतो. कुणाला हरवत नाही, कुणाकडून धड हरतही नाही.

चिमाजीशेठ मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून ओरडत होते — "अरे पुढं मारा ना, मागं काय मारताय!" फुलबाजारातले मोठे आडते आणि आमच्या या फुटबॉल संघाचे मालक. जर्सी झेंडूच्या रंगाची, ती त्यांनीच ठरवली. गोलपोस्टला हार, मधल्या रेषेवर नारळ. लोक आम्हाला झेंडूवाले म्हणतात. हेही मी चालवून घेतलं. पण अकरा खेळाडूही तेच ठरवणार, मग मी कोच कशाचा? शिट्टी वाजवायचा?

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरावानंतर पोरं चहाच्या टपरीवर भांडत होती. मी पाठमोरा उभा, म्हणून बिनधास्त चाललं होतं. निम्मे म्हणतात — शेठ नाक खुपसतात म्हणून वाटोळं झालं. निम्मे म्हणतात — सरांनाच काही सुचत नाही. गोलकीपर नवनाथ म्हणाला, "दोघंबी सारखेच!"

अर्धा चहा टाकून निघालो. झोंबलं. मला सुचत नाही? मला सुचतं ते करू कोण देतं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सात वाजले, यादी आली. दर शुक्रवारी येते. शेठच्या मुलीच्या, सुवर्णाच्या मोबाइलवरून. वर 'रविवारचे अकरा', खाली नावं. ना नमस्कार, ना चमत्कार. नऊ नंबरला भारत आहेच — शेठचा सख्खा भाचा! वय चौतीस, गुडघ्याला पट्टा. आणि सुरगाण्याचा लखन, ज्याच्यामागे पळताना बचाववाल्यांना दम लागतो, तो बाकावर.

आणखी एक गंमत. मागे आधीचा गोलकीपर तापाने पडला म्हणून मी आयत्या वेळी नवनाथला उभं केलं होतं. पुढच्या यादीत लगेच नवनाथ! माझंच बघून लिहितात आणि ठरवणारे मात्र ते.

मी नेहमीप्रमाणे अंगठा पाठवून दिला. शुभांगी म्हणाली, "अहो, एकदा विचारून तरी बघा शेठना." विचारून काय होतं ते माहीत आहे. आधीचा कोच शेठशी वाद घालायला गेला, दिवाळीच्या आत घरी बसला.

१६ नोव्हेंबर, रविवार

शून्य-शून्य. लिहिण्यासारखं काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बातमी खरी आहे. पुण्याच्या एका क्लबचा माणूस रविवारचा शेवटचा सामना बघायला येतोय. त्यांना कडेने पळणारा पोरगा हवाय.

लखनला कुठूनतरी कळलंच. सराव संपल्यावर बूट हातात घेऊन आला. "सर, मी खेळणार हाय का नाय, एवढंच सांगा. नायतर सोमवारी गावच्या जीपनं जातो. घरचे द्राक्षाच्या कामाला निघालेत. माझ्यासाठीच थांबलेत." मी म्हणालो, बघू. काय हा शब्द! मला माझीच लाज वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी फुलबाजारात शेठच्या गाळ्यावर गेलो. आज बोलायचंच, असं ठरवून. शेठ शेवंतीच्या ढिगाआड. मला बघून गुलाबाचा हारच गळ्यात घातला! "सर, टीम तुमचीच आहे!" आणि खो खो हसले. टोमणा कळला मला. तोंड उघडलंच नाही.

सुवर्णा शेजारी मोबाइलवर बोटं चालवत होती. देवळांना, लग्नाच्या हॉलांना कालच्याच ऑर्डरचा मेसेज पुन्हा पाठवत होती. म्हटलं, त्यांनी मागितली का? "नाही सर, बदल असला तर कळवतात. नाही कळवलं तर कालच्याइतकाच माल पाठवायचा. पप्पांची पहिल्यापासूनची पद्धत." बरंय, फुलांचा धंदा सोपा आहे. हार स्कूटरच्या आरशाला अडकवून आलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सात वाजता यादी. तीच. भारत आहे, लखन नाही.

कहर म्हणजे त्याआधी तासभर भारत स्वतः घरी येऊन गेला. जिना चढताना कठडा धरत होता. "सर, मला बसवा ना आता. गुडघा उचलत नाही. फक्त मामांना सांगू नका मी असं म्हणालो. त्यांना वाईट वाटेल." म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं, त्यालाच नकोय! आणि मी? सात वाजता अंगठा पाठवला. बोट आपोआप गेलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. उद्या लखन पहिल्या मिनिटापासून. नोकरी गेली तर गेली. कागदावर नवीन अकरा लिहून खिशात ठेवले. शुभांगीला दाखवले. तिने संध्याकाळी भरीत केलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

नाही जमलं.

शेठ आज अर्धा तास आधीच खुर्ची टाकून बसले. भारतच्या पाठीवर थाप मारली — "काय भाचे, आज गोल ना?" माझ्या हातातला कागद परत खिशात गेला. भारतने माझ्याकडे पाहिलं. मी बूट बघत बसलो.

एक-एक. लखनला शेवटची चार मिनिटं उतरवलं. चार मिनिटांत दोनदा पार टोकापर्यंत गेला! मी वळून पाहिलं, तर पुण्याच्या माणसाची खुर्ची रिकामी. शेवटची बस धरायची म्हणून आधीच निघाला होता.

हे शेठनी केलं. त्यांना कधीच माफ करणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लखन गेला. जर्सी धुऊन, घडी करून नवनाथकडे देऊन गेला. माझ्यासाठी निरोप नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सात वाजता मोबाइल वाजला — रविवारचे अकरा! स्पर्धा संपून पाच दिवस झाले! डोकंच फिरलं. सुवर्णाला फोन लावला. म्हटलं, शेठना सांगा, आता तरी पुरे.

"अय्या सर, सवयीने गेलं! मागच्या सामन्याचीच असते ना ती, तुम्ही खेळवलेली. पहिली तर जर्सीवर नावं छापायच्या वेळी तुम्हीच लिहून दिली होती. बदल असला तर कळवाल म्हणून तीच दर शुक्रवारी पुन्हा पाठवायचे. त्याप्रमाणे जर्सी काढून ठेवायला. तुमचा दर वेळी अंगठा यायचा."

"आणि शेठ काय म्हणायचे?"

"पप्पांना कुठं नावं माहीत आहेत सर? भारतदादा सोडून एकाचंही नाही."

जर्सीच्या त्या कागदाची प्रत माझ्या फाइलमध्ये सापडली. अक्षर माझंच. नऊ नंबर — भारत. मामा खूश होतील म्हणून मीच लिहिलं होतं.