दुसरी चप्पल

रविवार, १२ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, चुकलंच. आज बाबांना आणि माझ्या लेकीला, गार्गीला सिनेमाला नेलं. म्हातारा गुप्तहेर आणि तरुण गुप्तहेर यांच्या हाणामारीचा दुसरा भाग. बाबा म्हाताऱ्याच्या बाजूने, गार्गी तरुणाच्या. येताना मंगरूळपीरच्या दर्ग्यात थांबलो. बाबा निवृत्त पोलीस जमादार. चोराला जोडी मिळू नये म्हणून दोन चपला नेहमी दोन ठिकाणी ठेवतात. आज दुसरी कुठे ठेवली, आठवेना. असं कधी झालं नव्हतं.

"चोरानं नेली!"

"एकच कायले नेईन तो, आबा?"

गार्गीला चप्पल सापडली. तिने ती हळूच त्यांच्या वाटेत सरकवली.

"पाह्य पोरी, याले म्हन्तात तपास!"

मी पाहूनही गप्प बसले. बरोबर केलं का?

उद्या: देवळात गेल्यावर बाबा दुसरी चप्पल कुठे ठेवतात, ते मागून पाहून ठेवणे.